दोन डोळ्यांची स्लाइड

निगेटिव्हची पट्टी उजेडासमोर धरली तर चेहरे निळेकाळे दिसतात आणि आभाळ तांबूस. त्यात काय आहे हे कळायला प्रिंट काढावी लागते, आणि प्रिंट कशी निघेल ते लॅबवाल्याच्या हातात. स्लाइडचा, म्हणजे खऱ्या रंगांत सुलट धुतल्या जाणाऱ्या फिल्मचा, मामला सरळ आहे. हलशीच्या भूवराह नरसिंह देवळासमोर कॅमेऱ्यात जी फिल्म होती, तीच धुऊन, कापून, चौकटीत बसवून हातात येते. देवळावरून आलेला उजेड ज्या फिल्मवर पडला, तिच्यातूनच आता खिडकीचा उजेड तुमच्या डोळ्यात येतो. चुकलं असेल तर तेही तिथंच दिसतं, लपवायला जागा नाही.

अशा दोन स्लाइड्स, दोन डोळ्यांच्या जागेवरून घेतलेल्या, डोळ्यांना लावायच्या एका व्ह्यूअरमध्ये शेजारी ठेवल्या की स्टिरिओ, म्हणजे खोली दिसणारं चित्र. तत्त्व फोटोग्राफीपेक्षा जुनं आहे. चार्ल्स व्हीटस्टननं १८३८ साली आरशांच्या उपकरणात हातानं काढलेल्या आकृत्या दाखवून खोली कशी भासते ते मांडलं, तेव्हा फोटोग्राफी जगासमोर यायची होती. पुढं ब्रूस्टरची भिंगांची पेटी आली आणि १८५१च्या लंडनच्या प्रदर्शनानंतर घरोघरी गेली. रंग सोपे झाले ते कोडॅकच्या कोडॅक्रोम फिल्मबरोबर: १९३५ला सिनेमाची फिल्म म्हणून, १९३६ला ३५ मिमीच्या रोलमध्ये. १९३९च्या न्यूयॉर्क जागतिक मेळ्यात व्ह्यू-मास्टर आला, एका चकतीवर १४ चिमुकली चित्रं म्हणजे ७ जोड्या. १९४७ला स्टिरिओ रिअलिस्ट हा दोन भिंगांचा कॅमेरा निघाला आणि सामान्य हौशी माणसाला ३५ मिमीच्या रोलवर स्वतःच्या जोड्या काढता येऊ लागल्या. जत्रेतल्या बायोस्कोपच्या पेटीतलं चित्र सपाटच असायचं, पण डोळा लावला की भोवतालची जत्रा नाहीशी व्हायची. स्टिरिओ व्ह्यूअरचं निम्मं सुख तेच आहे.

उरलेलं निम्मं फिल्मचं. कागदी प्रिंटमध्ये काळा म्हणजे गडद राखाडी, आणि भिंगाखाली कागदाचा पोत दिसतो. स्लाइडमध्ये मागून उजेड येतो, त्यामुळं सावलीतही आत शिरता येतं. खोली दाखवायची तर सावलीत शिरायला मिळालंच पाहिजे. म्हणून ही जोडी जमली आणि अजून तुटलेली नाही.

आता रोल. कोडॅक्रोम २००९ला बंद झाला आणि त्याचं रसायनही संपलं. एखाद्या कपाटात न धुतलेला रोल सापडला तरी त्यातून रंग आता निघणार नाहीत. कोडॅकचा एक्टाक्रोम ई१०० मधे काही वर्षं बंद होता, २०१८ला परत आला. फुजीचे व्हेल्व्हिया ५० आणि प्रोव्हिया १००एफ मिळतील तेव्हा घेऊन ठेवावेत. आपल्या बेळगाव भागात निवडीला एक वेगळाच निकष लावावा लागतो: माती. खानापूरकडची तांबडी माती व्हेल्व्हियावर कुंकवासारखी उतरते, आणि निपाणी-चिकोडीकडच्या काळ्या रानातल्या सावल्यांचं पार डांबर होतं. गोकाकच्या रंगीत लाकडी फळांसाठी व्हेल्व्हिया झकास. माणसांच्या चेहऱ्यांना तो लावू नये, सगळे उन्हातून धावत आल्यासारखे दिसतात. देऊळ, माणसं, बाजार यांना प्रोव्हिया किंवा ई१००. रोल फ्रिजमध्ये ठेवत असाल तर वापरायच्या आधी किमान एक-दोन तास डबी न उघडता बाहेर काढून ठेवा. थंड फिल्मवर बेळगावच्या दमट हवेतलं पाणी धरलं तर डाग कायमचे.

एक्स्पोजर म्हणजे फिल्मवर पडू दिलेला उजेड, आणि एक स्टॉप म्हणजे तो दुप्पट किंवा निम्मा. त्यात निगेटिव्ह दोन-तीन स्टॉपची चूक पोटात घालतो, स्लाइड अर्ध्या स्टॉपचीही घालत नाही. जास्त उजेड पडला तर त्या जागी फिल्म नुसती पारदर्शक होते, तिथं परत आणायला काही उरत नाही. म्हणून मोजायचं ते उजळ भागाचं. भर उन्हातल्या माणसाचं पांढरं धोतर स्पॉट मीटरनं, म्हणजे एका लहान जागेचाच उजेड मोजणाऱ्या यंत्रानं, मोजलं तर मीटर ते राखाडी करायला बघतो. त्या रीडिंगपेक्षा दीड ते पावणेदोन स्टॉप जास्त दिलं की धोतर पांढरं राहतं आणि त्याच्या चुण्याही राहतात. स्पॉट मीटर नसेल तर त्याच उन्हात आपला तळहात धरून मोजा आणि एक स्टॉप जास्त द्या. सावली काळी पडते तर पडू द्या. नाहीतर सकाळी आठच्या आत जा, हा जास्त चांगला उपाय.

स्टिरिओसाठी भिंगाचं छिद्र बारीकच ठेवावं लागतं; एफ/च्या पुढचा आकडा मोठा तितकं छिद्र बारीक. सपाट फोटोत मागचं धूसर ठेवणं शोभतं. स्टिरिओत डोळा चित्रात हिंडतो, पुढच्या दगडावरून मागच्या शिखरावर जातो, आणि धूसर जागी पोचला की अडखळतो. ३५ मिमीच्या भिंगाला एफ/१६ ठेवून फोकस ३.८ मीटरवर लावला तर सुमारे १.९ मीटरपासून अनंतापर्यंत सगळं कडक येतं. भर उन्हात आयएसओ (फिल्मची संवेदनशीलता) १००ला एफ/१६वर शटर १/१२५ सेकंद, व्हेल्व्हिया ५०ला १/६०. रिअलिस्टची भिंगं ३५ मिमीची आणि एकमेकांपासून ७० मिमीवर. त्या अंतराला जवळची वस्तू २ मीटरच्या अलीकडं आली तर डोळे ताणतात. म्हणजे फोकसची हद्द आणि खोलीची हद्द एकाच जागी येते.

हे २ मीटर कुठून आले? दूरचा डोंगर आणि जवळचा खांब यांच्यातला डाव्या-उजव्या चित्रातला सरक-फरक फिल्मवर साधारण १.२ मिमीच्या आत राहिला तर बहुतेकांना चित्र सुखानं बघता येतं. भिंगाची फोकल लांबी (३५ मिमी, ५० मिमी हा भिंगाचा आकडा) गुणिले कॅमेऱ्याच्या दोन जागांतलं अंतर, भागिले जवळच्या वस्तूचं अंतर; मागं क्षितिज असेल तेव्हा एवढंच गणित. ३५ मिमी गुणिले ७० मिमी भागिले २००० मिमी म्हणजे १.२ मिमी. यावरूनच जुना नियम आला: जवळच्या वस्तूच्या अंतराला ३०नं भागा, तेवढं कॅमेरा सरकवा. हा नियम ३५ मिमीच्या भिंगाचा आहे हे मात्र विसरतात. ५० मिमी लावलं असेल तर ४०नं भागा, १३५ असेल तर ११०नं. राजहंसगडाच्या तटावरून येळ्ळूरकडचा मुलूख घ्यायचा आणि सगळ्यात जवळचं झाड ९० मीटरवर असेल, तर ३५ मिमीला कॅमेरा ३ मीटर सरकवावा लागेल. चित्रात रान, घरं, रस्ते टेबलावरच्या नमुन्यासारखे दिसतात, जणू राक्षसाच्या डोळ्यांनी बघितलेले. गंमत म्हणून एकदोनदा ठीक. सारखं तेच केलं तर गडाचं गडपण जातं.

दोन भिंगांचा कॅमेरा नसला तरी काही अडत नाही, एका कॅमेऱ्यानं दोन फोटो काढायचे. साधी रीत म्हणजे पाय फाकून उभं राहायचं, भार डाव्या पायावर असताना पहिला, उजव्या पायावर घेऊन दुसरा. सरक ६५ मिमी, चार बोटांच्या रुंदीपेक्षा जरा कमी. याहून खात्रीची रीत म्हणजे सुताराकडून फूटभर सागवानी पट्टीला मागं सरळ कठडा आणि ६५ मिमीवर दोन अडसर करून घ्या आणि पट्टी ट्रायपॉडवर बसवा. कॅमेऱ्याची पाठ कठड्याला टेकवूनच सरकवायचा, म्हणजे तो वळत नाही. दोन्ही वेळा कॅमेरा नाकासमोर, समांतर. दोन्हीकडून एकाच खांबावर रोखायचा मोह होतो, पण तसं केलं की चौकोनी वस्तू एका चित्रात डावीकडं चढते, दुसऱ्यात उजवीकडं, आणि कोपऱ्यात दोन्ही डोळ्यांना उंची वेगळी दिसते. डोकं धरतं ते त्यामुळं. नेहमी डावा आधी, उजवा नंतर. सवय मोडू नका. नाहीतर फिल्मची पट्टी धुऊन आल्यावर कोणता कुठला हे ओळखत बसणं नशिबी येतं.

आणि या रीतीचा पक्का शत्रू आपल्याकडं बक्कळ पिकतो. ऊस! दोन फोटोंच्या मधल्या चार सेकंदांत प्रत्येक पान हललेलं असतं, म्हणून प्रत्येक पान आपल्या मनाच्या खोलीवर जाऊन बसतं. बघताना फड उकळल्यासारखा दिसतो. वारा पडलेला असतो तेव्हा, म्हणजे उजाडताना, ऊस घ्या नाहीतर फडाचा नाद सोडा. ढगांचंही तेच: भराभर सरकणारे ढग डावीकडून उजवीकडं जातात की उलट, त्यावर ते डोंगराच्या पुढं येणार की मागं जाणार ते ठरतं. पुढं आले तर चित्र बाद.

गोकाकच्या धबधब्याला वेगळी युक्ती. घटप्रभा तिथं ५० मीटरहून जास्त खाली कोसळते. झटपट शटरनं दोन वेळा घेतलं तर पाण्याचा प्रत्येक थेंब दोन्ही चित्रांत निराळा, आणि डोळ्यांना पांढरी चुरचुर जाणवते. अर्ध्या सेकंदाचं एक्स्पोजर दिलं की पाण्याचा पडदा दोन्हीकडं जवळजवळ सारखा येतो आणि मागच्या कातळासमोर नीट उभा राहतो. ढगाळ हवेत आयएसओ १००ला एफ/१६वर साधारण १/३० लागेल. तिथून अर्ध्या सेकंदापर्यंत जायला चार स्टॉपचा, उजेड कमी करणारा राखाडी फिल्टर भिंगावर लावायचा. तुषारांपासून भिंग पुसायला फडकं दोन्ही फोटोंच्या आधी फिरवा. एकाच चित्रात आलेला थेंब हवेत तरंगणाऱ्या काचेसारखा दिसतो.

स्टिरिओसाठी बेळगावात एकच जागा निवडायची तर किल्ल्यातली कमल बस्ती. १२०४ सालचं रट्ट राजांच्या काळातलं हे जैन मंदिर, काळा दगड, आणि मंडपाच्या छतातून खाली लोंबणारं दगडी कमळ. सपाट फोटोत ते छतावर कोरलेल्या नक्षीसारखं दिसतं. ते छत सोडून खाली आलं आहे हे फोटोतून सांगायचं तर दोन डोळेच हवेत. कॅमेरा सरळ वर रोखायचा. समजा कमळ भिंगापासून ३ मीटरवर आणि छत ४ मीटरवर आहे. मागं क्षितिज नसल्यामुळं वरचं गणित इथं सैल होतं. ३५ मिमीच्या भिंगाला १.२ मिमीचा पूर्ण फरक वापरायचा म्हटलं तर सरक ४१ सेंटिमीटर निघते. तेवढी घेऊ नका. कमळ ताणलं जाऊन झुंबर होतं. १० ते १५ सेंटिमीटर पुरे. आत उजेड कमी, एक्स्पोजर कित्येक सेकंदांचं होणार. लांब एक्स्पोजरला फिल्म मंदावते आणि वेळ वाढवावी लागते, पण प्रोव्हिया १००एफला दोन मिनिटांपर्यंत ही दुरुस्ती लागत नाही. व्हेल्व्हिया ५०ला चार सेकंदांपासूनच थोडी जास्त वेळ द्यावी लागते आणि रंगही झुकतो, म्हणून तो इथं नको. या सगळ्या डेलाइट, म्हणजे दिवसाच्या उजेडासाठी केलेल्या फिल्म; दिव्याखाली त्या फसतात: पिवळ्या बल्बखाली नारिंगी, ट्यूबलाइटखाली हिरवट. शक्यतो दारातून येणाऱ्या उजेडावरच भागवा. स्मारक संरक्षित आहे, तेव्हा ट्रायपॉडची परवानगी आधी काढा. बस्तीत पूजाअर्चा चालू असते हेही ध्यानात ठेवा.

रोल धुणं. जवळच्या गावात ई-६, म्हणजे स्लाइड फिल्म धुण्याची प्रक्रिया, होईल असं धरून चालू नका. पार्सलनं मोठ्या शहरातल्या लॅबला पाठवावा लागतो, आणि पाठवताना ‘पट्टी कापू नका, चौकटी घालू नका’ असं ठळक लिहावं. लॅबनं सवयीनं एकेक चित्र कापून साध्या चौकटीत घातलं, तर रिअलिस्टची २३ मिमी रुंदीची चित्रं हमखास मधोमध चिरली जातात. घरी धुवायचं तर तीन द्रवांचं किट: पहिला डेव्हलपर, कलर डेव्हलपर, आणि ब्लीच-फिक्स एकत्र. पहिला डेव्हलपर ३८ अंशांवर, आणि इथं अर्धा अंशही सांडू द्यायचा नाही, मुभा फक्त ०.३ अंशाची आहे. थंड पडला तर सगळ्या स्लाइड्स काळवंडतात, गरम झाला किंवा वेळ लांबली तर धुतलेल्या साडीसारख्या फिकट. वेळ किटच्या कागदावरची पाळा, साधारण सहा मिनिटांच्या आसपास असते. पुढचे दोन द्रव जरा क्षमाशील आहेत. ब्लीच-फिक्स कमी पडलं तर चित्र मळकट दिसतं, तेव्हा परत त्यात बुडवता येतं. ओली फिल्म दुधट दिसते, घाबरू नका, वाळल्यावर स्वच्छ होते. आपल्याकडं खरी गोची बोअरच्या पाण्याची. क्षारांचे ठिपके स्लाइडवर आभाळातल्या पक्ष्यांसारखे दिसतात, आणि स्टिरिओत एकाच डोळ्यापुढं चमकतात. शेवटचं बुडवणं डिस्टिल्ड पाण्यातच करा, आणि फिल्म बोटांनी निपटू नका.

चौकटीत बसवणं हे या छंदाचं पोट. कितीही चांगली काढलेली जोडी इथं वाया जाऊ शकते. लागतं ते थोडंच: दुधी काचेखाली दिवा, सुती मोजे, धारदार कात्री, धूळ उडवायला रबरी फुगा, चंदेरी अ‍ॅल्युमिनियमची चिकटपट्टी, आणि ४१ बाय १०१ मिमीच्या स्टिरिओ चौकटी. साधी पारदर्शक टेप वापरू नका, तिचा गोंद दोन पावसाळ्यांत पाझरतो. फिल्मची एक बाजू चकचकीत, दुसरी मंद. मंद बाजू उजेडाकडं, चकचकीत आपल्याकडं. भिंग चित्र उलटं पाडतं, त्यामुळं दोन भिंगांच्या कॅमेऱ्यातली पट्टी सुलट केली की डाव्या भिंगाचं चित्र उजवीकडं येतं. कापून अदलाबदल करावीच लागते. खात्रीची खूण: डाव्या चित्रात जवळची वस्तू मागच्या वस्तूंच्या मानानं उजवीकडं सरकलेली असते. अदलाबदल विसरलात तर देवळाचा खांब भोक होतो आणि मागचं आभाळ पुढं येतं.

मग उंची. पारदर्शक कागदावर आलेख छापून तो दिव्यावर ठेवा आणि दोन्ही चित्रांतला एकच बिंदू, शिखराचा कळस म्हणा, एकाच आडव्या रेषेवर आणा. ०.२ मिमीचा फरकही डोळ्यांना बोचतो. एक डोळा वर, एक खाली बघायची आपल्याला सवय नाही. चित्र तिरकं बसलं असेल तर एका कडेला जुळतं आणि दुसऱ्या कडेला सुटतं, म्हणून दोन्ही कडांना तपासा. शेवटी खिडकी. चौकटीची कड ही खिडकी समजायची आणि देखावा तिच्यापलीकडं ठेवायचा. खिडकीतून बघताना डाव्या डोळ्याला उजवीकडचा भाग जास्त दिसतो, तेव्हा डाव्या चित्रात उजव्या कडेला जरा जास्त दिसायला हवं. उलट झालं तर देखावा खिडकीच्या अलीकडं येतो, आणि कडेला अर्धा कापलेला माणूस हवेत लटकतो. फरक अर्ध्या मिलिमीटरचा असतो, पण एवढ्यानं चित्र बसतं किंवा बिघडतं. पहिल्या पाचसहा जोड्यांना तास तास जाईल.

स्टिरिओ चौकटी आणि व्ह्यूअर मिळाला नाही तर नेहमीच्या ५० बाय ५० मिमीच्या चौकटी आणि हातात धरायचे दोन साधे व्ह्यूअर घ्या. भिंगांच्या मध्यांमध्ये ६३ ते ६५ मिमी राहील असे ते एका पट्टीवर शेजारी चिकटवा; चौकटींमध्ये साधारण १३ ते १५ मिमीची फट राहते. दोन्हींतले दिवे एकाच रंगाचे हवेत, एक पिवळा आणि एक निळसर असेल तर डोळे भांडतात. पडद्यावर दाखवायला दोन प्रोजेक्टर, एकमेकांना काटकोनात लावलेले पोलराइझर (एकाच दिशेनं कंप पावणारा उजेड जाऊ देणारे फिल्टर), तसेच चष्मे आणि चंदेरी पडदा लागतो. घरच्या पांढऱ्या भिंतीवर उजेडाची ही दिशा मोडते आणि दोन्ही चित्रं एकमेकांत मिसळतात. खटाटोप मोठा, उजेड कमी. हातातला व्ह्यूअरच बरा.

राहता राहिली बुरशी. जूनपासून सप्टेंबरपर्यंत खानापूर-बेळगाव पट्ट्यात कपाटातल्या चपलांवर पांढरं धरतं, तर जिलेटिनवर का धरणार नाही? हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी वाढते. लोखंडी कपाट पुरत नाही. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घ्या, त्यात रंग बदलणारं सिलिका जेल ठेवा, आणि मे महिन्यात कोरड्या दिवशी बंद करा. पावसात डबा उघडून स्लाइड्स बघत बसू नका, बघायच्याच असतील तर दिवाळीनंतर. जेलनं रंग बदलला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दीड-दोन तास भाजून, गार करून परत वापरा. पीव्हीसीची पाकिटं नकोत, पॉलिप्रॉपिलीनची घ्या.

बुरशी धरलीच तर पाणी लावू नका. बुरशीनं जिलेटिन आतून पोखरलेलं असतं, पाण्यात ते विरघळून चित्रासकट निघून येतं. चौकट काढा, कोरड्या मऊ ब्रशनं वरची पूड झाडा. मग ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ, धागे न सुटणाऱ्या कापडाला लावून एकाच दिशेनं हलकं पुसा, आधी बिनकामाच्या एखाद्या स्लाइडवर करून बघा. जुनी पुठ्ठ्याची चौकट परत वापरू नका, बी तिच्यातच असतं. आणि जोडीतली एकच बाजू खराब झाली असेल तर दुसरी फेकू नका, ती साधी स्लाइड म्हणून ५० बाय ५०च्या चौकटीत घाला.